मी बघतो

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अस्मिता,

पुण्याच्या तुझ्या घरी हे पत्र टपालाने येत आहे, याचे तुला आश्चर्य वाटेल. भ्रमणध्वनीवर आपण नेमके कोणाशी बोलतो, हे मला हल्ली खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कागद घेतला.

गेल्या जूनमध्ये सायकलीसाठी ती ऑनलाइन प्रशिक्षिका तूच मला मिळवून दिलीस. त्याआधीच्या जानेवारीत, वाघबिळापासून पन्हाळ्यापर्यंतच्या चढाईच्या स्पर्धेत मला तिसऱ्या वळणावर उतरावे लागले होते. बहात्तराव्या वर्षी तो चढ पाय न टेकता चढायचा, एवढी एकच इच्छा मी तुला बोलून दाखवली होती. प्रियदर्शनीबाई मूळच्या नाशिकच्या, राहतात बंगळुरूत. छातीला पट्टा, मनगटावर घड्याळ. मी सकाळी सायकल चालवून आलो की माझ्या हृदयाचे ठोके त्यांच्यापर्यंत पोहोचत आणि दुपारी त्यांचा निरोप येई: पाच मिनिटे जोर, तीन मिनिटे विसावा, असे सहा वेळा. चौतीस वर्षे छापखान्यात बसून मी इतरांच्या चुका दुरुस्त केल्या. माझ्या चुका कोणीतरी तितक्याच नेमकेपणाने दाखवत आहे, याचा मला आनंदच झाला. ऑक्टोबरपर्यंत चढावर माझा दम टिकू लागला होता.

दिवाळीनंतर ‘हा माझा नवा क्रमांक’ असा निरोप आला आणि सारेच मवाळ झाले. कागलच्या एमआयडीसीपर्यंतचा सोपा रस्ता, ठोके एकशे दहाच्या आत, एक दिवसाआड विश्रांती. सायकल दुरुस्त करणारा आपला अंबादास चारचौघांत म्हणाला, “आबा, ही बाई तुमास्नी पळवाय शिकवतीया का झोपवाय?” मी त्याला गप्प केले. गुरू केला की त्याचे ऐकायचे, ही माझी रीत. जानेवारीत ‘पाया अजून पक्का नाही, यंदा स्पर्धा नको’ असे लिहून आले; तेही मी मानले. स्पर्धेच्या रविवारी वाघबिळाच्या कोपऱ्यावर मी टाळ्या वाजवायला उभा राहिलो. एक स्वयंसेवक माझ्यावर ओरडला, “पावणं, जरा मागं सरका की, सायकली येत्यात!” मी मागे सरकलो.

गेल्या मंगळवारी मी विचारले, की चढाचा सराव पुन्हा केव्हा सुरू करायचा. उत्तर आले: ‘मी आकडे बघतो आणि उद्या सांगतो.’

टंकनदोष एकदा होतो. एकाच वाक्यात, एकाच दिशेने, दोनदा होत नाही. नाशिकची स्त्री ‘बघते’ लिहील, ‘सांगते’ लिहील. स्वतःविषयी ‘बघतो’ म्हणणाऱ्या स्त्रिया मी आपल्या कोल्हापुरातच ऐकल्या आहेत. शाळेतून आल्यावर तू ‘मी आलो, मी जेवतो’ म्हणायचीस, मी ‘आले, जेवते’ अशी दुरुस्ती करायचो, आणि तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “मीबी तसंच बोलतो की! मग मी काय बाप्या झालो व्हय?” तू हसून लोळायचीस. पुढे माझ्यासमोर ‘आले’ आणि उंबऱ्याबाहेर ‘आलो’ असे तुझे चालले होते, हे मला ठाऊक होते. तेव्हा मला त्याचे कौतुकच वाटे.

मी जुना क्रमांक शोधून काढला आणि लावला. प्रियदर्शनीबाई चकित झाल्या. मी प्रशिक्षण सोडल्याचे तू त्यांना नोव्हेंबरमध्येच कळवले होतेस. त्याआधी, दोन वेळा चढावर माझे ठोके वेडेवाकडे पडल्याचे त्यांना दिसले होते. आणि नोंदणी तुझ्या क्रमांकावर असल्यामुळे त्यांनी ते मला नव्हे, तुला सांगितले. “आबा, तपासणी झाली ना?” असे त्यांनी विचारले. मी फोन ठेवून दिला.

दिवाळीत ‘आबा, एकदा सगळ्या तपासण्या करून घेऊ या’ असे तू म्हणालीस आणि मी ‘बघू’ म्हटले, हे मी विसरलेलो नाही. परंतु कारण तू सांगितले नाहीस. हृदय माझे, ठोके मीच पट्टा बांधून पाठवलेले. त्यांचा अर्थ मात्र माझ्याखेरीज तुम्हा दोघींना ठाऊक! तुझ्या भीतीचा मला राग नाही. त्या भीतीला तू दुसऱ्या बाईचे नाव दिलेस आणि नव्या क्रमांकावरून तिच्या नावाने मला लिहीत राहिलीस, याचा आहे.

तरीही स्पर्धा हुकल्याचे दुःख मी गिळले असते. डिसेंबरमध्ये, परकी बाई समजून, मी त्या नव्या क्रमांकावर काही गोष्टी लिहिल्या. तिसऱ्या वळणावर उतरलो तेव्हा थकव्यापेक्षा भीती अधिक होती, हे लिहिले. तुझी आई गेल्यापासून, घरी परतल्यावर ‘आज कुठवर गेलता?’ असे विचारणारे कोणी नाही, हे लिहिले. माझी मुलगी रविवारी फोन करते, पण तिला ठेवण्याची घाई असते, हेही लिहिले. ‘त्यांना कामं असतील, आबा,’ एवढेच उत्तर आले. त्याच्या पुढच्या रविवारपासून तुझा फोन पाऊण पाऊण तास चालू लागला. अस्मिता, त्या फोनांनी मी इतका सुखावलो होतो, की अंबादासच्या दुकानात जाऊन मी ते सांगितले. आता त्या बोलण्यातले तुझ्या मनातले कोणते आणि माझी तक्रार वाचून योजलेले कोणते, हे मला वेगळे करता येत नाही. असा मजकूर दुरुस्त कसा करतात, हे मला कोणी शिकवलेले नाही.

सोमवारी, चोवीस तारखेला, सकाळी दहाची वेळ मी येथील हृदयरोगतज्ज्ञांकडे घेतली आहे. अर्जावर सोबतच्या नातेवाइकाचे नाव विचारले होते. ती जागा मी कोरी ठेवून आलो. तुला यायचे असेल, तर रविवारी ये. आल्यावर प्रथम माझ्यासमोर बस आणि प्रियदर्शनीबाईंनी तुला ऑक्टोबरमध्ये काय सांगितले, ते पहिल्यापासून सांग. मला समजावू नकोस, सांभाळू नकोस; सांग. मग ते नाव तुझ्याच हाताने लिही. एवढ्यासाठी हे पत्र. खाली ‘तुझाच’ असे लिहायला घेतले होते. परंतु ‘च’ निश्चय दाखवतो, आणि तो आज माझ्यापाशी नाही.

तुझा
आबा