तीन खाचांची फ्रेम

मिलान, ७ मार्च २०१०

ती. आत्तिलियोकाकांस,
निवेसचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर मी ओरडते आणि शेजारचे भिंत ठोकतात, तेव्हा आपलं पत्रच बरं. आई ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, आणि ती गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते.

एक काम आहे आणि हसायचं नाही. मला सायकल बांधायची आहे. फिक्स गिअरची, म्हणजे तुमची ती शर्यतीच्या रिंगणातली, पाय थांबले की चाक थांबणारी. इथे सध्या सगळ्यांना तिचं वेड लागलंय, आमच्या चष्म्याच्या दुकानातच तिघांकडे आहे. कालव्याकाठच्या जुन्या बाजारात मी एक स्टीलची फ्रेम हेरून ठेवलीय. निळी, जागोजागी रंग उडालेली. विकणारा म्हणतो तीस वर्षांपूर्वीची, अस्सल. किंमत विचारू नका, तुमचं ब्लडप्रेशर वाढेल. चाळीस वर्षं फ्रेमी बांधणारा काका असताना मी त्या माणसाच्या शब्दावर का जाऊ? खरं-खोटं कसं ओळखायचं तेवढं कळवा.

आईला यातलं काही माहीत नाही. त्या दूधवाल्या एर्मिनियोने बाबांना मागून उडवलं, त्यानंतर तिने घरात सायकलचा फोटोसुद्धा ठेवला नाही. तेव्हा उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची लाडकी,
निवेस

•

सान बोवो, ११ मार्च

चि. निवेस हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

म्हणजे आता तुम्ही शहाणी माणसं ब्रेक नसलेल्या सायकली हौसेने विकत घेणार! बरं आहे. आम्ही हयातभर कानस घासली तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. नळ्या मी कापल्या, पितळ मी ओतलं, आणि वर नाव चिकटलं मिलानच्या बड्या सायकलवाल्या घराण्याचं. आता म्हणे अस्सल.

ऐक. एक लांब दोरा घे. मागच्या चाकाच्या खोबणीला एका बाजूने बांध, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खोबणीला आण आणि ताण. सीटखालच्या नळीपासून दोरा दोन्हीकडे सारख्या अंतरावर असला, तर मागचा त्रिकोण सरळ आहे. एका केसाचा फरक असला, तर सायकलने मागून मार खाल्लाय. लोखंड खोटं बोलत नाही, विकणारा बोलतो. मग खालच्या नळीला हँडलजवळ बोट फिरव. सुरकुती लागली, तर समोरून धडकलीय. तशी फुकट दिली तरी घेऊ नकोस.

आणि उलटी करून बघ. पायडलचा आस जातो त्या नळीच्या पोटाला कानशीने मारलेल्या तीन खाचा दिसल्या, तर ती माझ्या हातची. घराण्याला पत्ता लागू न देता मी प्रत्येकीवर मारल्यात. तशी मिळाली तर डोळे मिटून घे.

एर्मिनियोचं नाव कशाला काढतेस? तो सिस्टर लोकांच्या वृद्धाश्रमात पडून आहे. बापाच्या आठवणीने जीव जाळू नकोस. तुझ्या आईला, इनेसला, माझा नमस्कार सांगू नकोस, नाहीतर पत्राचं बिंग फुटेल.

तुझा,
आत्तिलियोकाका

•

मिलान, २९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काका, तीन खाचा! विकणाऱ्यासमोरच मी किंचाळले आणि त्याने तिथल्या तिथे भाव वाढवला. तरी घेतली. तुमच्या हातची फ्रेम परक्याकडे राहू देईन का मी?

घरी आणून दोरा लावला. मागचा त्रिकोण असा सरळ, की मी तीनदा मोजला. मग रंग उतरवायला बसले. मागच्या नळ्यांवर निळ्याखाली लाल निघाला, छान कोवळा लाल, एक ओरखडा नाही. पण पुढची खालची नळी निराळीच. तिच्यावर फक्त निळा, लालचा थेंब नाही. जोडाचं पितळही उजळ, जाड, देखणं. म्हणजे ती नळी कोणीतरी नंतर बदललीय ना? आणि तीन खाचांशेजारी एक बारीक अक्षर ठोकलंय, N. हे कोण गिऱ्हाईक? तुम्ही अक्षरंही ठोकायचात का?

चाकं पुढच्या आठवड्यात येतील. इस्टरला तिच्यावर बसून सान बोवोला यायचा विचार आहे. आगगाडीने हो, घाबरू नका, शेवटचे दहा किलोमीटर फक्त. पोलेंटा तयार ठेवा, आणि आहे तशीच माया.

निवेस

•

सान बोवो, १ एप्रिल

चि. निवेस,
आशीर्वाद.

त्या फ्रेमवर बसू नकोस. जुनं स्टील थकतं, आतून गंजतं. अक्षराला काही अर्थ नाही, कोणा दलालाचं असेल. विकणाऱ्याला परत कर. घेत नसेल तर मधोमध कापून भंगारात घाल. पैसे मी पाठवतो. इस्टरला आगगाडीने ये, नाहीतर नको येऊस. पण बसू नकोस, एवढं माझं ऐक.

काका

•

मिलान, ९ एप्रिल

ती. काकांस,
नमस्कार.

इस्टरला मी का आले नाही ते आता सांगते.

तुमचं पत्र वाचून मी चक्रावले. डोळे मिटून घे म्हणणारा माणूस तीन आठवड्यांत कापून टाक म्हणतो! आईला दाखवू म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. ती स्वयंपाकघरात रादिक्योची भाजी निवडत होती. फ्रेम टेबलावर उलटी ठेवली. तिने ते अक्षर बघितलं आणि खुर्ची असून खाली फरशीवर बसली.

ती म्हणाली की हे N निवेसचं, म्हणजे माझं आहे. मी दोन वर्षांची असताना बाबांनी लाल फ्रेम तुमच्याकडून करून घेतली आणि हट्टाने माझ्या नावाचं पहिलं अक्षर ठोकायला लावलं. त्याच सायकलवर ते गेले. तुम्ही तिला सांगितलंत की तुकडे झाले होते, भट्टीत घातली.

मग ही काय आहे, काका?

काल मी पुन्हा दोरा ताणला. तुम्हीच शिकवलंत. मागून दूधगाडीने उडवलेल्या सायकलचा मागचा त्रिकोण एका केसानेसुद्धा वाकला नाही? लाल रंगावर ओरखडा नाही? आणि बदलली ती पुढची नळी? एर्मिनियो काय सांगत होता, ते मी आईला विचारलं. तो जन्मभर एकच सांगत आला म्हणे, की दानिलो, म्हणजे बाबा, आपोआप पडला, पुलाच्या कठड्यावर डोकं आपटलं, आणि मी गाडी दोन हातांवर थांबवली. कोणी ऐकलं नाही. लोक आले तेव्हा रस्त्यात बाबा आणि मागे त्याची गाडी, एवढंच दिसलं.

मला खरं हवंय. दलाल, गंज, थकलेलं स्टील यातलं काही नको.

निवेस

•

सान बोवो, १४ एप्रिल

निवेस,

चार दिवस कागद समोर ठेवून बसलो. आता एका दमात लिहितो.

जोड माझा सुटला. हँडलच्या नळीला खालची नळी जिथे बसते, तो. कडेने पितळ दिसायला छान पसरलं होतं, आत नळी कोरडी ठणठणीत. पुरती तापलीच नव्हती.

त्या शरदात मिलानच्या घराण्याची मोठी ऑर्डर होती. दानिलो रोज दारात येऊन डोकं खायचा, माझी कधी, माझी कधी. घरचं काम आपण सगळ्यात शेवटी करतो, उरलेल्या वेळात, उरलेल्या ताकदीत. गिऱ्हाइकाचा प्रत्येक जोड मी आतून आरसा धरून तपासायचो. भावाच्या फ्रेमला आरसा लावला नाही. घरचाच आहे, म्हटलं. N मात्र अर्धा तास खपून ठोकला. तो शेजारी उभा राहून हसत होता.

पोलिसांनी सायकलकडे ढुंकून पाहिलं नाही. मला म्हणाले घेऊन जा. वर्कशॉपमध्ये उचलून ठेवताना ती नळी बाटलीच्या बुचासारखी हातात आली. तेव्हा मला कळलं. तुझ्या बापाला अजून मातीही दिली नव्हती. मी दार लावून घेतलं आणि नवी नळी बसवली. का, ते विचारू नकोस. आमच्या धंद्यात तुटलेली फ्रेम कोणी टाकत नाही, हात आपोआप चालले. संध्याकाळी निळा रंग मारला, आणि मग उमगलं की आता कोणालाच काही दिसणार नाही.

चौथ्या दिवशी एर्मिनियो आला. टोपी हातात. म्हणाला की दानिलोचं हँडल चालता चालता खाली बसलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तुम्ही कारागीर आहात, एकदा फ्रेम बघा. मी म्हणालो भंगारात गेली. ती माझ्या पाठीमागे दहा पावलांवर टांगलेली होती, ताज्या रंगाची. मी दार लावलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. लायसन गेलं, दुधाचा रतीब गेला, बायको माहेरी गेली ती परत आली नाही. बारमध्ये तो आला की आम्ही पत्ते खाली ठेवायचो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. पुढे पादोव्याचा एक दलाल फ्रेम घेऊन गेला, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मी नालायक माणूस आहे, निवेस.

तरी बसू नकोस तिच्यावर. तो दुसरा जोड माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला जोड आहे. कधी सुटणार नाही. तरी बसू नकोस.

आत्तिलियो

•

मिलान, १९ एप्रिल

भाऊजींस,
इनेसचा नमस्कार नाही.

निवेस लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. चूक कोणाच्याही हातून होते, आणि दानिलो गेल्यावर पहिली चार वर्षं तुम्हीच आमची चूल पेटती ठेवलीत, हे मी विसरलेले नाही. आता कळतंय की तुम्ही कशाची फेड करत होतात. पण मला का नाही सांगितलंत? मी एक वेळ रडून मोकळी झाले असते.

मी त्या माणसावर थुंकले होते, भाऊजी. इस्टरच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, सगळ्या गावासमोर. त्याने रुमाल काढून तोंड पुसलं आणि मला मान लववली. मला वाटायचं गुन्हेगार आहे म्हणून खालमानेने जातो. मी चांगली बाई होते, मला तुम्ही असं करून ठेवलंत.

गाडीत बसायला मला डॉक्टरांची बंदी आहे, नाहीतर मीच आले असते. तुम्ही जा. आधी बारमध्ये जाऊन सगळ्यांच्या तोंडावर सांगा, मग वृद्धाश्रमात जाऊन त्याला सांगा. तो मरायच्या आत त्याच्या कानावर पडलं पाहिजे की त्याने काही केलं नव्हतं. माझी माफीही सांगा. तोवर या घरात तुमचं पत्र नको.

इनेस

•

सान बोवो, २६ एप्रिल

चि. निवेस आणि इनेस,

जाऊन आलो, म्हणून लिहायची हिंमत करतो.

शनिवारी बारमध्ये डाव ऐन रंगात असताना उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं, N सकट. मला वाटलं होतं कोणी खुर्ची फेकेल. कोणी काही केलं नाही. बेपी म्हणाला की आता जुनं झालं, बस, तुझी पाळी आहे. मी त्यांच्यावर ओरडलो. माणसाचं आयुष्य मातीत घातलं आपण, आणि पाळी कसली! मी निघालो तेव्हा मागे पत्ते वाटल्याचा आवाज आला, म्हणजे मला तसं वाटलं, माझ्या कानांचं काय खरं.

रविवारी वृद्धाश्रमात गेलो. एर्मिनियो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. अंगात हाडं तेवढी उरलीत. मला वाटलं ओळखणार नाही, पण पाहताक्षणी त्याने माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. म्हणाला, आत्तिलियो, मला माफ कर, मी तुझ्या भावाला मारलं.

मी म्हणालो की नाही, एर्मिनियो, तू नाही मारलंस, माझा जोड सुटला. दोन बोटं एकमेकांत घालून, ओढून दाखवलं कसा सुटला ते. इनेसची माफी सांगितली. तीनदा सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच. म्हणाला की मी ब्रेक उशिरा दाबला, मागे दुधाचे कॅन घरंगळले, तिकडे बघत होतो. निवेस, कॅन घरंगळले हे तो त्या काळी कधीच म्हणाला नव्हता. इतकी वर्षं आम्ही सगळे सांगत होतो की तू मारलंस, मग त्याने स्वतःच कारण शोधून काढलं असणार. आता त्याला ते डोळ्यांपुढे दिसतं.

सिस्टरला मी सगळं समजावून सांगितलं. ती भली बाई आहे, पण म्हणाली की फार उशीर केलात, आता त्याच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. तो न्हाव्याकडे, स्वयंपाकिणीकडे, दिसेल त्याच्याकडे माफी मागतो. त्या दिवशी सकाळपासून त्याने घासही घेतला नव्हता. ती म्हणाली की तुम्ही तर गेलेल्याचे सख्खे भाऊ, तुम्ही एकदा माफ केलं म्हणा, म्हणजे तो जेवेल.

मी नाही म्हणालो. त्याचे हात सुटेनात. सूप निवत चाललं होतं.

शेवटी म्हणालो. एर्मिनियो, मी तुला माफ केलं.

त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं, हाच हात, आणि दोन वाट्या सूप प्याला. पुढच्या रविवारी येशील ना, असं विचारत होता.

पत्राच्या शेवटी तुमची माया मागायची सवय आहे, ती आज मागवत नाही.

आत्तिलियो