म्हाताऱ्याच्या पोटातली बाळंतीण

ग्वायाकिल
(तारीख मुद्दाम घातलेली नाही, आमच्या घरात सध्या तिच्यावरून वाद आहे)

आदरणीय लेओनिदासदादांना,

एउसेबियोचा वाकून नमस्कार. क्वेंकाच्या थंडीत तुमचा खोकला काय म्हणतो? वहिनींची कंबर आता बरी असेल, अशी आशा आहे. (तुमची बहीण हेर्मानिया म्हणते, वहिनींची कंबर विचारू नकोस, त्या चार पानी उत्तर पाठवतात. तेव्हा मी विचारली नाही असं समजा.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मागच्या पत्राच्या वेळी होतो त्यापेक्षा पाच जीव जास्त, पण ते ओघाने येईलच. हे सगळं टेलिफोनवर सांगता आलं असतं, हे मला कळतं. पण टेलिफोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, म्हणून लिहायला बसलो.

शेजारच्या वॉशिंग्टन पिंकायचा चुलतभाऊ तुमच्या दुकानात आला होता आणि त्याने सांगितलं की यंदा एकतीस डिसेंबरला आम्ही तुम्हाला गल्लीत खुर्चीवर बसवून जाळायला काढलं होतं. दादा, त्या माणसाच्या बोलण्यात अर्धंसुद्धा तथ्य नाही. मागे एका कार्निव्हलला तुम्ही इथे आलात तेव्हा तुमचा तो तपकिरी लोकरीचा सूट आमच्या कपाटात विसरून गेलात. क्वेंकात तो शोभत असेल. इथे तो नुसता बघितला तरी माणसाला घाम फुटतो. मध्यरात्री जाळायचा जुन्या वर्षाचा पुतळा, म्हणजे यंदाचा म्हातारा, बनवायला घेतला तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने आपल्या घरातली जुनेरी काढली, आणि आमच्याकडे त्या सूटाइतकं बिनकामाचं (म्हणजे न वापरलेलं) दुसरं काही निघालं नाही. मुखवटा मी बाजारातून आणला, तो एका बदनाम मंत्र्याचा होता. कोट चढवल्यावर तो तुमच्यासारखा दिसायला लागला, यात दोष असलाच तर त्या मंत्र्याचा आहे.

आता खरी गोष्ट. दर वर्षी म्हातारा मी बनवतो, पण यंदा आईंनी मला हात लावू दिला नाही. तुम्हाला माहीतच आहे, ऑगस्टात देल्फिनामावशी गेल्यापासून तुमच्या आईंनी या वर्षाशी बोलणंच टाकलं होतं. सत्तर-बहात्तर वर्षं दोघी बहिणी रोज सकाळी एका भांड्यातली कॉफी प्यायल्या आणि रोज साखरेवरून भांडल्या. आईंनी म्हाताऱ्याच्या पायांत लाकडाचा भुसा भरला, हातांत वर्तमानपत्रं कोंबली, आणि पोटात देल्फिनामावशीच्या आजारपणातलं जे जे घरात उरलं होतं ते सगळं घातलं. औषधांची खोकी, गरम पाण्याची पिशवी आणि शेवटी ती मऊ निळी चादर. "यानं माझी बहीण नेली," म्हणाल्या, "याला मी माझ्या हातानं पेटवणार. तुम्ही कुणी मध्ये यायचं नाही." पोटाची बटणं तेवढी मी उघडी ठेवली, कारण फटाक्यांची माळ नेहमीप्रमाणे शेवटच्या दिवशी आत सोडायची होती. चूक झाली ती इथे. ग्वायाकिलमध्ये आजवर कुणीही म्हाताऱ्याचं पोट आधी शिवून ठेवलेलं नाही, तेव्हा आम्हाला एकट्याला दोष देऊ नये.

मेल्चोरा नावाची मांजर तुम्ही पाहिलेली नाही. ती वॉशिंग्टनची आहे, असं वॉशिंग्टन सोडून सगळी गल्ली म्हणते. गेले काही दिवस तिचं पोट सुटलं होतं, आणि हेर्मानिया तिला माशांची डोकी घालते म्हणून ती लठ्ठ झाली, असा माझा शास्त्रशुद्ध समज होता. एकतीस तारखेला दुपारी ती दिसेनाशी झाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मी विधवा होत होतो. (जुन्या वर्षाच्या विधवेचं काम गल्लीत गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. तुम्हाला ते पसंत नाही हे माहीत आहे, पण माझ्याइतकं छाती पिटून कुणाला रडता येत नाही आणि सुट्टे पैसे टाकायला गाड्या माझ्यासाठीच थांबतात.) हेर्मानियाचा काळा झगा, छातीत दोन फुगे, ओठांना लाली, अशी सगळी तयारी करून मी बाहेर आलो, तर आई म्हाताऱ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"एउसेबियो, हा श्वास घेतोय."

"आई, उन्हामुळे तसं वाटतं."

"मला शिकवू नकोस. श्वास चालू आहे की थांबलाय ते मी यंदाच नीट बघून घेतलंय. याचं पोट हलतंय."

मी हसत हसत म्हाताऱ्याच्या पोटात हात घातला. दादा, तो हात अजून मलमात आहे. हेर्मानिया धावत आली, तिने कोट हळूच उघडून आत वाकून पाहिलं, आणि मग आम्हा सगळ्यांकडे अशी वळली की जणू गोंगाट आम्हीच करत होतो. "आत बाळंतीण आहे," म्हणाली. "चार झालीत. आता कुणी मोठ्यानं बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

त्यानंतर जे बाळंतपण आम्ही केलं ते मी विधवेच्या वेशात केलं, कारण कपडे बदलायला कुणी सवडच दिली नाही. बाहेर पोरांनी फटाके सुरू केले होते, म्हणून आधी म्हाताऱ्याला खुर्चीसकट आत न्यायचं ठरलं. पुढून मी, मागून वॉशिंग्टन, आणि खुर्ची इतकी हळू की जणू म्हाताऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय. ते बघून गल्लीतल्या बाकीच्या विधवांना वाटलं की आमचा म्हातारा वेळेआधीच गेला, आणि त्या मिशाळ बायका हंबरडा फोडत आमच्या मागे दारापर्यंत आल्या. हेर्मानियाने त्यांना झाडूने परतवलं. मग मला मासे आणायला पिटाळलं, कारण बाळंतिणीला ताकद हवी. बांगड्या वाजवत मी मासळीवालीकडे गेलो, तर तिने माझा हात हातात घेऊन "नवरा कसा गेला गं?" असं विचारलं आणि शिजवलेल्या ताज्या ट्यूनाचा मोठा तुकडा वर घातला. रिवाज म्हणून मीही दोन उसासे टाकले. मेल्चोराने तो तुकडा म्हाताऱ्याच्या पोटात बसूनच खाल्ला, वर वाटीभर पाणी प्यायली आणि पिल्लांना चाटायला लागली.

संध्याकाळ झाली तसा खरा पेच आला. आई रॉकेलची बाटली घेऊन दारात उभ्या, आणि खुर्चीसमोर हात पसरून हेर्मानिया. मायलेकी अशा समोरासमोर उभ्या राहिल्या की मध्ये जायची आपली छाती होत नाही, हे तुम्ही जाणता. वॉशिंग्टन म्हणाला, त्यात काय, पिल्लं खोक्यात ठेवू. खोकं आणलं, त्यात माझा चांगला सदरा अंथरला (मला न विचारता), आणि हेर्मानियाने कापडात धरून एक पिल्लू अलगद खोक्यात ठेवलं. मेल्चोरा उतरली, पिल्लू मानगुटीला धरून उचललं आणि परत म्हाताऱ्याच्या पोटात नेऊन ठेवलं. दुसऱ्यांदा ठेवलं, दुसऱ्यांदा नेलं. मग तिने वॉशिंग्टनला ओरबाडलं, त्याचा यात काही संबंध नसताना.

"आई, नका हो," हेर्मानिया म्हणाली. "चार जीव आहेत आत."

"आणि माझा एक गेला त्याचं काय? हे वर्ष आज जळलं नाही तर ते या घरातून जायचं नाही. पुढच्या वर्षी कुणाला नेईल?"

दादा, मला हसू येत नव्हतं. बाटलीचं बूच त्यांनी काढलं होतं आणि रॉकेल माझ्या झग्यावर सांडत होतं. शेवटी तोड मीच काढली, आणि तिचा मला आजही थोडा अभिमान आहे. म्हटलं, पोट राहू दे, पाय जाळू. हेर्मानियाने मोठ्या कात्रीने डावा पाय गुडघ्यातून कापला. तो आम्ही बाहेर नेला आणि बाराच्या ठोक्याला आईंच्या हातून पेटवला. आजूबाजूचे म्हातारे धडाधड फुटत होते, आमचा पाय नुसता धुमसत राहिला. लोकर असल्यामुळे जाळापेक्षा वासच जास्त सुटला. त्या जाळावरून रिवाजाची उडी मारायला गल्लीतलं कुणीही आलं नाही. हेर्मानियाने आईंच्या हातात नव्या वर्षाची बारा द्राक्षं ठेवली, ती त्यांनी तशीच ताटलीत परत ठेवली.

"ही कशाला? एक पाय जळला म्हणजे फार तर मार्च संपला. वर्ष अजून आहे."

मला वाटलं, सकाळी विसरतील. दादा, तुमच्या आई काही विसरतात का? त्या दिवसापासून त्या जुन्याच वर्षात राहतात आणि आम्ही दोघं नव्यात, एकाच स्वयंपाकघरात. पाद्रीबाबा घरी येऊन नव्या वर्षाचा आशीर्वाद द्यायला लागले, तर "आमच्याकडे अजून आलं नाही, आलं की निरोप धाडते" म्हणून तो परत केला. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण व्हायची होती. वॉशिंग्टनच्या बायकोने केक आणला, तर म्हणाल्या, मला एकोणऐंशीच झालीत, वय चढवू नकोस. (केक मी संपवला, वाया घालवणं बरं नाही.) मी सुचवलं की पिल्लं चालायला लागली की कार्निव्हलला उरलेला म्हातारा जाळू. त्यावर हेर्मानियाने आठवण करून दिली की कार्निव्हलला अख्खं गाव एकमेकांवर पाणी ओतत असतं, तेव्हा ओला म्हातारा कसा पेटवणार ते तूच सांग. मी हात टेकले.

इकडे बाळंतिणीची बडदास्त चालूच आहे. म्हाताऱ्याला तुमच्या पलंगावर निजवलंय, खिडकीवर जाड कापड टाकलंय, आणि घरात सगळे चवड्यांवर चालतात. मेल्चोरा दिवसातून इतक्या वेळा खाते की तिच्या जेवणातून उरलं तर माझं जेवण. चौथं पिल्लू फार अशक्त आहे, बाकीची तिघं त्याला ढकलून पुढे जातात. आई दिवसभर तिथेच खुर्ची टाकून बसलेल्या असतात. विचारलं तर म्हणतात, "मी म्हाताऱ्यावर नजर ठेवतेय, पळून जायचा." पण मी दाराच्या फटीतून पाहिलंय. दर थोड्या वेळाने त्या दोन बोटांनी ते चौथं पिल्लू उचलतात, मेल्चोराच्या पोटाला लावतात, आणि बाकीच्या तिघांना तळहाताने अडवून धरतात. मेल्चोरा त्यांना काही करत नाही. ओरबाडायला मी आणि वॉशिंग्टन आहोतच.

तेव्हा दादा, तुम्ही थोरले. आई आमचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. (निदान तुम्ही बोलत असता तेव्हा मध्ये बोलत नाहीत.) हे पत्र मिळताच बस पकडून या, आणि त्यांना समोर बसवून नीट समजवा की जुनं वर्ष संपलं, नवं लागलं, सगळ्या देशात लागलं. तुमच्या झोपण्याची सोय करू. पलंगावर म्हातारा आहे, पण तो कडेला सरकेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला नम्र,
एउसेबियो

ता. क. सूटाबद्दल गैरसमज नको. कोट शाबूत आहे, बाळंतपणाचे डाग सोडले तर. पँटचा उजवा पाय अगदी नव्यासारखा आहे.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं म्हणून पुन्हा उघडतो. चौथ्याने आज डोळे उघडले, आणि उघडल्या उघडल्या थोरल्याच्या तोंडावर पाय देऊन पुढे गेलं. आता त्याची काळजी नाही.

ता. क. ३. वरची विनंती रद्द समजा. येऊ नका, म्हणजे समजवायला येऊ नका. आज दुपारी मी आईंना कॉफी द्यायला गेलो, साखर कमी पडली म्हणून बोलणी खाल्ली, आणि तशीच हिंमत करून विचारलं की आता पिल्लांचं ठीक आहे, मग उरलेलं वर्ष कधी जाळायचं. निळ्या चादरीवर चारही पिल्लं एकावर एक झोपली होती. त्यांच्याकडे बघत आई म्हणाल्या, "नको रे जाळू. या वर्षात देल्फिना ऑगस्टापर्यंत तरी आहे. तुमच्या त्या नव्यात ती एक दिवससुद्धा नाही." मग चौथ्याला चादरीवर नीट सरकवून म्हणाल्या, "तो पाय उगाच जाळला. मार्चात आम्ही दोघी प्लायासला गेलो होतो, समुद्रावर." मी जाऊन साखर घेऊन आलो.

तेव्हा विनंती एवढीच. दर जानेवारीत तुम्ही आईंना तुमच्या दुकानाचं नवं कॅलेंडर पाठवता, ते यंदा पाठवू नका. पाठवायचंच असेल तर हेर्मानियाच्या नावाने आलेलं बरं, म्हणजे मी ते कपाटाच्या मागे ठेवीन. आणि फोन केलात तर नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊ नका, नुसतं पिल्लांचं विचारा.