म्हाताऱ्या पालीची दोन पानं

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी कपाळाला हात लावला असशील. फोन हाताशी असताना या बयेला पत्र लिहायची हौस कुठून आली? पण तुला फोन केला की तो वाजून वाजून थकतो आणि निरोप पाठवला की उत्तरादाखल नुसता एक अंगठा येतो. दोन वर्षं मी त्या अंगठ्याशी मैत्री निभावतेय. म्हटलं, आता चार पानं लिहावीत. अंगठ्याला निदान ती उलटावी तरी लागतील.

आधी खुशाली. आपल्या कार्टून मालिकेतली ‘फुंकर’ अजून उडतेय. मी पन्नाशीला टेकले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण मंगळवारी त्या काचेच्या खोलीत मायक्रोफोनपुढे उभी राहिले की मी बारा वर्षांची होते, एका फुंकरीत आगी विझवते आणि ट्रक उलटवते. परवा ‘थांबा!’ म्हणून अशी किंचाळले की आपल्या रेकॉर्डिंगवाल्या काकांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर आपटले. तू ठेवलेलं ‘भोंगा’ हे नाव आता अख्ख्या स्टुडिओने उचललंय. चहावालासुद्धा विचारतो, भोंगाबाईंचा बिनसाखरेचा ना?

तू नाहीस म्हणून खोलीत फार जागा झालीय गं. सहा वर्षं तू माझ्या डाव्या हाताला उभी असायचीस. फुंकर अविचार करायला निघाली की तिच्या खांद्यावरची पाल चुकचुकायची आणि त्या पालीसाठी तू एका पायावर उभी राहून, मान वाकडी करून, चांदीच्या वाटीवर चमचा वाजावा तसा आवाज काढायचीस. दुसरा पाय टेकला तर आवाज जाड होतो, हा तुझा शोध! एकदा तोल जाऊन तू माझ्या अंगावर पडलीस आणि आपण इतक्या हसलो की दिग्दर्शिकाबाईंनी दोघींना शाळेतल्या पोरींसारखं बाहेर उभं केलं. तिथेही तू पालीच्याच आवाजात त्यांना शिव्या घालत होतीस आणि दार उघडं, आतला मायक्रोफोन चालू होता.

तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मालिकेत पाल माहेरी गेली. दुसरी कुणी घेतली नाही, बाईंनी घेऊच दिली नाही. मुलांची पत्रं अजून येतात. एका पोरीने लिहिलंय, ‘आमची आई माहेरी गेली की आठ दिवसांत येते, तुमच्या पालीचं घरी भांडण झालंय का?’ बाईंनी ते पत्र भिंतीवर लावलंय.

तर ठमे, आता नवा भाग. फुंकर चाळीस वर्षं पुढच्या काळात जाऊन पडते. चित्रं तर बघशील! सगळं शहर राखाडी, चकचकीत, घरांना खिडक्याच नाहीत. मधुरराव नावाच्या एका इसमाने सगळ्यांचे आवाज काढून घेतलेत आणि बदल्यात प्रत्येकाला एकच गोड, गुळगुळीत आवाज दिलाय, लिफ्टमधली बाई बोलते तसा. तान्हं बाळ त्याच आवाजात रडतं. नवराबायको त्याच आवाजात भांडतात आणि कोण जिंकलं ते दोघांनाही कळत नाही. फुंकर आईला शोधत गर्दीत हाका मारते आणि शंभर बायका एकाच आवाजात ‘ओ’ देतात. ते वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. काका म्हणाले, पाणी पी. मी म्हटलं, तुम्हीच प्या, तुमचे डोळे बघा आधी.

मग एका तुटक्या नळीतून खरखरीत आवाज येतो. आपली पाल! म्हातारी, शेपूट तुटलेली, पण आवाज स्वतःचा. मधुररावाने तो घेतलाच नव्हता, कारण त्याच्याने तो ऐकवेना. त्याच खरखरीने सगळं शहर जागं होतं.

वरच्या मजल्यावरून सूचना आली की जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्राने पालीचा आवाज बनवून घ्या. बाई एवढंच म्हणाल्या, “आपल्या गोष्टीत खलनायक कोण आहे, ते वरच्यांनी वाचलंय का?”

आता कबुलीजबाब, दोन आहेत. पहिला दोन वर्षांपूर्वीचा. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, तेव्हा तू सगळ्यात आधी मला बोलावलंस. “भोंगे, आलीस?” एवढंच म्हणालीस आणि तो नवा, घोगरा आवाज ऐकून माझा चेहरा पडला. मी लगेच सावरून म्हटलं, होईल गं पूर्वीसारखा. पण तू पाहिलं होतंस. होणार नव्हता, हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू त्या दिवसापासून माझ्याशी बोलली नाहीस आणि मी सगळ्यांना सांगत राहिले की तिला विश्रांती हवीय. ठमे, मी चुकले. तू जिवंत समोर बसली होतीस आणि मी पालीसाठी रडत होते.

दुसरा गेल्या महिन्यातला. तुझी चौकशी करायला भाऊजींना फोन केला होता. ते हवापाण्याचं बोलत होते आणि मागून तू कडाडलीस, “अहो, फोन ठेवा, दूध उतू चाललंय!” काय आवाज होता तो! फाटलेला, जाडाभरडा आणि त्यात तुझा सगळा तोरा जसाच्या तसा. मी फोन ठेवून एकटीच हसत सुटले. आणि मंगळवारी, म्हातारी पाल कशी बोलेल ते बघू म्हणून बाईंनी मला चार ओळी वाचायला दिल्या, तेव्हा मी सरळ तुझं दूध चोरलं. खोलीतले सगळे थक्क. बाईंनी विचारलं, हा कुठून आणलास? माझ्याने खोटं बोलवेना. म्हटलं, माझा नाही, तिचा आहे. काचेपलीकडून त्या म्हणाल्या, “मग नक्कल कशाला? तिलाच आण.”

म्हणून हे पत्र. बाकी सगळा भाग रेकॉर्ड झालाय. माझी वाक्यं मी तुझ्या वाक्यांच्या जागा मोकळ्या ठेवून, शेजारच्या रिकाम्या मायक्रोफोनशी बोलून ठेवलीत. म्हाताऱ्या पालीची दोन पानं सोबत जोडलीत. तुझं रेकॉर्डिंग गुरुवारी अकरा वाजता. तुझ्या डॉक्टरांना भाऊजींनी विचारलंय, ते म्हणाले, बोलू दे की, मी कधीचं सांगतोय! यायचं असेल तर नुसती ये, काही कळवू नकोस. नाही म्हणायचं असेल तर तेही खुशाल म्हण, पण मला फोन करून, स्वतःच्या तोंडाने, दूध उतू गेल्यासारखं ओरडून म्हण. माझं दोन्हीकडून भलंच आहे.

तुझीच, चोरी पकडली जायची वाट बघणारी,
भोंगा