तुमच्या वाटणीचं तूप

गुरुजी, लोणी कढतानाचा तडतडाट मला आजही आधी ऐकू येतो आणि मग सकाळ होते. आमची याडी, म्हणजे माझी आई, चुलीपुढे कान देऊन बसायची. तडतड हळूहळू विरायची आणि एका क्षणी भांडं गप्प व्हायचं. त्या शांततेवरून तिला कळायचं, तूप झालं. तांड्यावर तुमच्या जेवणाची पाळी आमच्या घरी असली की हा आवाज हमखास. तांड्याची शाळा नवी होती, तुम्ही पुसदकडून आलेले, एकटे, घरोघर पाळीने जेवणारे. तुमच्या ताटात तुपाची धार सगळीकडेच जरा लांब पडायची.

अठ्ठावन्न साल असेल, की एकोणसाठ. शाळेच्या ओसरीत तुम्ही कवितेची ओळ म्हणता, आम्ही मागून म्हणतो. एका ओळीच्या मध्यावर तुम्ही थांबता. डोळे मिटता, उजव्या बरगडीखाली तळहात दाबून धरता. आम्हाला वाटतं, कवितेत इथे थांबायचंच असतं. म्हणून आम्हीही थांबतो. मला ती थांबण्याची जागा इतकी आवडली की पुढे नातवंडांना ती कविता शिकवतानाही मी तिथेच थांबत आलो. ती तुमच्या दुखण्याची जागा होती, हे कळायला माझ्याच बरगडीखाली कळ यावी लागली.

त्याच आठवड्यात आमची पाळी होती. याडीने भाकर कुस्करली, वर तुरीचं वरण घातलं आणि तुपाचं भांडं वाकवलं, तोच तुम्ही ताटावर हात आडवा धरलात. ती तशीच थबकली. "काहून जी गुरुजी? तांड्याच्या नाईकाच्या घरी तं खाल्लं म्हणते. आमच्याच हातचं चालत नाही काय?" तिचा चेहरा मला अजून दिसतो. तांड्याबाहेरच्या किती जणांनी तिच्या हातचं पाणीसुद्धा नाकारलं असेल, ते सगळं त्या चेहऱ्यावर आलं होतं. तुम्ही हात मागे घेतलात. "वाढा," म्हणालात. सगळं जेवलात, बोटंही चाटलीत. दुपारी ओसरीत गुडघे पोटाशी घेऊन पडलात तेव्हा तुमच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालेलं होतं.

यवतमाळच्या डॉक्टरांना दाखवून आल्यावर तुम्ही सरळ आमच्या चुलीशी येऊन बसलात. याडीकडून वाटीभर कोमट पाणी मागितलंत, त्यात तुपाचा थेंब सोडलात. "पाहा बाई, कसं वर तरंगते. पोटात पित्त उतरलं की ते तुपाले बारीक बारीक फोडते, तवा ते अंगी लागते." मग तिच्याच डोकं धुवायच्या रिठ्याचं पाणी त्यात ओतून ढवळलंत. थेंब फुटला, पाणी दुधाळ झालं, फेस आला आणि माझ्या धाकट्या बहिणीने टाळ्या पिटल्या. "माह्या पित्ताच्या नळीत खडा अडकला. तूप तुमचं सोन्यावाणी आहे, पण त्याले फोडणारं पित्तच खाली उतरत नाही."

"मंग आधी सांगाले काय झालतं? मी तं तुमाले मारूनच टाकलं असतं ना जी!"

"तुमचं तोंड पाहून हिंमत नाही झाली," म्हणालात आणि हसलात.

त्यानंतर तुमच्यासाठी कण्या आणि लोणी काढून घेतलेलं ताक. तुमच्या वाटणीचं तूप याडी वेगळ्या बरणीत साठवत गेली, बरे होऊन आल्यावर एकदम वाढायला. ऑपरेशनसाठी नागपूरला जाणाऱ्या मोटारीत आम्ही तुम्हाला बसवलं. मोटार परत आली. तुम्ही आला नाहीत. त्या बरणीला याडीने कोणाला हात लावू दिला नाही.

आता माझं. आठवडाभर अंग खाजतंय, लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढऱ्या मातीसारखं. दारव्ह्याला एकटाच जाऊन तपासून आलो. नळीत खडा आहे. रक्तात कोलेस्टेरॉलही वाढलंय म्हणे. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तूप-तेल सोडून वर्ष झालं, ही चरबी आली कुठून?" ते पोरगेलेसे डॉक्टर म्हणाले, "काका, ती आली नाही, जायची राहिली. यकृत जादाची चरबी पित्तातून खाली सोडतं. वाटच बंद, तर ती रक्तात माघारी फिरणार." आता पोट फाडत नाहीत, तोंडातून नळी घालून खडा काढतात. घरच्यांना घेऊन लगेच यवतमाळला जा, म्हणाले. त्याला तीन दिवस झाले. ताप आला तर थांबू नका असंही बजावलंय, आणि मी तासातासाला कपाळ चाचपतो. मुलगा पुण्याला. रोज फोन करतो, पण फोनवर डोळ्यांचा रंग दिसत नाही. सांगितलं की तो गाडी घेऊन येईल, मला बसवेल, आणि मला ती परत आलेली रिकामी मोटार दिसत राहते.

बाहेर जीप थांबली वाटतं.

"भिया! ए भिया! दिवसाढवळ्या दार लोटून काहून बसला?"

मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारी आता एकच उरली आहे, तीच टाळ्या पिटणारी. गुडघ्यांमुळे ती उमरखेडहून कुठे निघत नाही, आणि आज न सांगता दारात उभी. काखेत स्टीलचा डबा. "फोनवर तुहा आवाज बारीक लागला. घरचं तूप आणलं, याडीवाणी कढवलेलं. आता ताट घे, गरम भाकर टाकतो."

ती चपला काढते आहे. झाकण उघडायच्या आत मला सांगायला हवं. गुरुजी, तिचं तोंड पाहून हिंमत होत नाही.