जयवंतरावांच्या एकोणीस वह्या

रावपुरा, बडोदे
१२ फेब्रुवारी २०२५

ती. जयवंतकाकांस,
रसिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

नाशिकची थंडी मानवली का? काकूंचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत.

काका, आपल्या ग्रंथालयातली जुन्या दवाखान्याची मोडी रजिस्टरं आता संगणक वाचतो! छप्पन्न वर्षांचे रोगी, कोण कुठल्या गल्लीतला, कुठल्या पोळीतला, कुणाला काय झालं होतं, सगळं तक्त्यात आलंय. कुणीही संशोधक ते डाउनलोड करून त्यावर काम करू शकतो. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या मंदाकिनीने परवा ते पडताळून पाहिलं. तापाची साथ दरवेळी आधी पाणीगेटला, मग तीन आठवड्यांनी घडियाळी पोळीत! "रसिकाबेन, एकदाही चुकलं नाही!" ती एवढ्यांदा ओरडली की वाचनकक्षातल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

यंत्राला मोडी कुणी शिकवली, विचाराल. तुम्हीच.

निवृत्त होताना तुम्ही म्हणाला होतात, "पोरी, फोटो काढले म्हणजे वाचून झालं असं नाही." मला ते जुन्या माणसाचं कुरकुरणं वाटलं. चाळीस हजार फोटो वेबसाइटवर चढवले, नारळ फोडला. आणि मंदाकिनी पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही नुसती चित्रं आहेत. संगणकाला यातलं एक अक्षर कळत नाही."

यंत्राला शिकवायचं तर मोडी ओळीशेजारी तिचं बालबोध, म्हणजे देवनागरी, रूप हवं. ते फक्त तुम्ही हाताने उतरवून काढलेल्या एकोणीस वह्यांत होतं. आणि त्या वह्या... दोन वर्षं तुम्हाला पत्र लिहिलं नाही ते यामुळेच. तुम्ही नाशिकला गेल्यावर त्या मीच पस्तीत, रद्दी म्हणून, द्यायला सांगितल्या होत्या. गोविंद शिपायाने ऐकलं नाही. नकाशांच्या कपाटामागे ठेवून दिल्या. मी रडवेली होऊन विचारलं, तेव्हा म्हणाला, "बेन, साहेबांचं अक्षर आहे. मला नाही फेकवलं."

आम्ही तुमच्या ओळी टाइप केल्या, एकेका फोटोशी जुळवल्या. सुरुवातीला यंत्र 'ताप'चं 'नाप' वाचायचं. आता शंभरात शहाण्णव शब्द बरोबर!

शनिवारी हा संग्रह सर्वांसाठी खुला करताना सभागृहात मी हे सगळं सांगितलं. पस्तीचंही. संग्रहाच्या पहिल्या पानावर पहिलं नाव जयवंतराव दिघे, असं म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. गोविंदला उभं केलं, तेव्हा तर लोकही उठून उभे राहिले.

शंभरातले राहिलेले चार शब्द यंत्राला लागत नाहीत, मलाही लागत नाहीत. याल का, काका? मी स्टेशनवर घ्यायला येईन.

तुमची अपराधी, पण आज फार खूश असलेली,
रसिका