हसोचाचांच्या छातीवरचा तारा

रियाध, बुधवार संध्याकाळ, १९७७

इस्पितळाच्या फाटकावरचे पहारेकरी हसोचाचा. इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी आज मी त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला. फिल्म धुतली, तर डाव्या फुप्फुसावर पांढरा, पाच टोकांचा तारा. बनियनला आतून पदक शिवलेलं होतं. मी आधी विचारायला हवं होतं.

वॉर्डबॉय नजीरभाई दुभाषे झाले. "ताई, म्हातारा अझरबैजानचा कुर्द, शेतकऱ्याचा पोर. महायुद्धात रशियन फौजेत असताना जर्मन रणगाडा उडवला, म्हणून हे मिळालं. मग जर्मनांनी पकडलं. कैद झालेल्याला तिकडे गद्दार ठरवतात, म्हणून घरी गेलाच नाही. इथे कुणी हा तारा बघितला, तर कम्युनिस्ट म्हणून उचलतील."

"मग फेकत का नाहीत?"

"मी पण तेच बोललो. मलाच शिव्या दिल्यान."

ती फिल्म मी कापून टाकली. पदक काढायला लावून दुसरी घेतली. तारा होता त्याच जागी क्षयाची पोकळी दिसली. तिसरी घेऊन काय होणार होतं?

चाचांनी छातीवर हात ठेवून माझे आभार मानले. मी त्यांना वाचवलं, असं त्यांना वाटतंय. रिपोर्ट सही करून पाठवला. क्षयरोग्याला मायदेशी धाडतात. त्यांना कुठे धाडतील?