कणकेचा अंगठा

रविवार, संध्याकाळ. रिठद.

भारताच्या पोरींनी क्रिकेटची फायनल जिंकली! अन् मीबी.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर घरचा एकच नंबर, तोही माणसाचा, बाईचा नाही. पोळ्या लाटता लाटता ह्यांच्या फोनवरून मीच लिहून राह्यली होती, ‘आता फिरकी आणा, विकेट भेटते.’ भेटली! अन् सारं गाव ह्यांले म्हणते, ‘भाऊ, तुले लई समजते!’

हे नुसते हसले. मले आला राग. कणकेच्या अंगठ्यानं व्हॉइस मेसेजचं बटन दाबलं अन् बोलली, “भाऊ नाही, मी सांगून राह्यली.”

बटन सोडलं अन् वाटलं, काहून बोलली मी?

मग ॲडमिनचा, आमच्या चुलत सासऱ्यांचा मेसेज आला, ‘सूनबाई, शेवटची ओव्हर कोणाले द्यावी?’

फोनवर कणकेचा अंगठा तसाच आहे. हे पुसाले गेले. म्हटलं, राहू द्या.